पौषातला रविवार, ऋणमोचन आणि चैनवाली थैली

परत येऊन दोन आठवडे झाले तरी बॅगेतून अजून कडब्याचा चुरा निघतोय, तेव्हा म्हटलं विसरायच्या आत लिहून टाकू. शुक्रवार रात्र ते मंगळवार सकाळ, मुंबई-अमरावती-दर्यापूर-ऋणमोचन-शेंडगाव-मूर्तिजापूर आणि परत दादर. लोक अमरावतीला आले की चिखलदऱ्याला जातात, आम्ही गेलो नाही, त्यामुळे घाटातले फोटो वगैरे इथे मिळणार नाहीत.

आधी भाऊ कोण ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सहा वर्षांपूर्वी माझं ऑफिस परळला होतं आणि रोज मी एका मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या फूटपाथवरून धावतपळत जायचो. त्या फूटपाथवर बाहेरगावचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं राहायची, प्लास्टिक बांधून, पिशव्या उशाला घेऊन. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा, चालायला जागा नाही म्हणून. एके दिवशी पावसात घाईघाईत माझा पाय एका स्टोव्हवरच्या पातेल्याला लागला आणि अख्खा भात गटाराच्या जाळीवर. मी शिव्या खायच्या तयारीत उभा आणि तो माणूस खाली वाकून माझा पाय बघतोय. "भात काय, अजून शिजवून घेऊ. तुमचा पाय तं नाई पोळला न सायेब?"

हे भाऊ. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात सायकल दुरुस्तीचं दुकान, बायकोला ब्रेस्टचा कॅन्सर, तेव्हा फूटपाथवर एकोणीसावा दिवस. दुसऱ्या दिवशी मी लाजेकाजेस्तव पाच किलो तांदूळ घेऊन गेलो, तिसऱ्या दिवशी चहाला थांबलो, मग थांबतच गेलो. पुढे त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, वहिनींची ट्रीटमेंट पूर्ण झाली, दोघं गावी गेले. पण दर गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास फोन येतो तो आजतागायत. मी देव न मानणारा, देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहणारा माणूस, ते गाडगेबाबांचे पक्के भक्त. राजकारणावर तर आमचं एका वाक्यावर एकमत नाही. तरी दरवर्षी एकच वाक्य, पौषात या ऋणमोचनले, म्हणजे पूर्णाकाठच्या यात्रेला. यंदा गेलो.

दिवस पहिला, शनिवार : अमरावती

रात्रीची अमरावती एक्सप्रेस, सकाळी उतरलो तर तोंडातून वाफा. मुंबईच्या माणसाने विदर्भ म्हणजे ऊन एवढंच डोक्यात ठेवलेलं असतं, जानेवारीत तिथे पहाटे हात खिशातून काढवत नाही. स्वेटर, कानटोपी, जाड मोजे न्याच, मी एक हाफ जॅकेट घेऊन गेलो होतो आणि चार दिवस भाऊंची शाल पांघरून फिरलो.

भाऊ स्टेशनवर आले होते. आधी गिला वडा खायला नेलं, सकाळी सकाळी दह्यातला गार वडा तोही त्या थंडीत, मी म्हटलं भाऊ चहा तरी, तर म्हणे अमरावतीत येऊन गिला वडा नाही खाल्ला तर लोक हसतात. छान असतो पण, वर तिखट-गोड चटणी, मी दोन प्लेट खाल्ल्या.

तिथून गाडगेनगरला समाधी मंदिर. बाबांचं आयुष्य शाळेत दहा ओळीत शिकलो होतो, खराटा आणि स्वच्छता एवढंच लक्षात. इथे भिंतीपाशी उभं राहून त्यांची दशसूत्री पहिल्यांदा नीट वाचली. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, गरीब मुलामुलींना शिक्षण, आणि पाचवं, बेघरांना आसरा. या सगळ्याला त्यांचा शब्द रोकडा धर्म. मला हा शब्द फार आवडला. उधारीचा नाही, पुढच्या जन्मी मिळेल वगैरे नाही, आत्ता, हातावर.

गंमत अशी की ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला पाया पडू दिलं नाही, मी कुणाचा गुरू नाही म्हणून सांगितलं, त्याच्याच समाधीवर लोक डोकं टेकवत होते, त्यात भाऊपण. मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "मग काय झालं? बाबाची काठी आता थोडीच लागते!"

बाहेर कट्ट्यावर बसून भाऊंनी बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. तिकडे ही गोष्ट लहान पोरालाही माहीत असते. १९४९ साली गाडगेबाबा मुंबईत आजारी, हॉस्पिटलमध्ये. डॉ. आंबेडकर तेव्हा देशाचे कायदामंत्री, दिल्लीला निघायच्या गडबडीत. निरोप कळला तसं जाणं बाजूला ठेवून, वाटेत दोन घोंगड्या विकत घेऊन ते भेटायला गेले. बाबा कुणाकडून काही घेत नसत, नवं वस्त्र तर नाहीच, अंगावर कायम चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. पण त्या घोंगड्या त्यांनी घेतल्या.

विचार करा, एक परीट घरातला, शाळेचं तोंड न पाहिलेला कीर्तनकार, दुसरा परदेशातून डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी करून आलेला, वयात पंधरा वर्षांचं अंतर. एक देवाचं नाव घेऊन कीर्तन करणारा, दुसरा त्या देवळांच्या दाराशीच भांडलेला. बाबांनी पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण गावात त्यांना कुणी ओसरीवरसुद्धा टेकू देत नव्हतं, आणि त्याच १९४९ मध्ये ती धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतः बाबा पंढरपुरात इतकी वर्षं जाऊन वाळवंट झाडायचे, देवळात जायचे नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, २० डिसेंबरला गाडगेबाबा. मधे चौदा दिवस.

गोष्ट ऐकून मी पेटलो आणि तिथल्या तिथे ठरवलं की उद्या यात्रेत आपणही ब्लँकेट वाटायची. भाऊ काहीतरी बोलणार होते, मी बोलू दिलं नाही. मार्केटात एका घाऊक दुकानातून पंचवीस ब्लँकेट घेतली, घासाघीस करून, वर स्वतःवर खूष. हे लक्षात ठेवा, पुढे माझी जिरणार आहे.

दुपारी दर्यापूरकडे. अमरावतीतून बाहेर पडल्यावर दहाएक किलोमीटरवर वलगाव लागतं, तिथे पेढी नदीपाशी उतरलो. अमरावतीला नेत असताना बाबांनी इथे गाडीतच प्राण सोडला. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू, मुंबई, जिथे जिथे लोक उघड्यावर पडतात तिथे धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःसाठी खोपटंसुद्धा नाही. नदीत पाणी जेमतेम, काठावर एक बाई गोधड्या धूत होती. भाऊ म्हणाले, "बाबा गेले तेबी रस्त्यावरच," आणि एसटी आली म्हणून आम्ही पळालो.

टिप : हा सगळा पट्टा खारपाणपट्टा आहे, पूर्णेच्या खोऱ्यातला, विहिरीचं-बोअरचं पाणी खारट लागतं. प्यायचं पाणी सोबत ठेवा. आणि एसटीने जाणार असाल तर शनिवारी दुपारी गर्दी असते, पंचवीस ब्लँकेटचं गाठोडं घेऊन चढू नका, कंडक्टर जे बोलायचं ते बोलतो.

शनिवार रात्र : वहिनी

भाऊंचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या, अंगणात तुरीच्या पेंढ्या. वहिनींना मी सहा वर्षांनी बघत होतो. फूटपाथवर त्या टक्कल झाकायला टॉवेल गुंडाळून बसायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. आता केस आलेत, आवाज तर असा की शेजारच्या घरातली म्हैस उठून उभी राहते. आल्या आल्या मला झापलं, भाऊजी एवढे वाळले कसे, तुमच्याकडे बाया स्वयंपाक करत नाहीत काय. मी म्हटलं स्वयंपाक मीच करतो. "मंग तेच तं!"

कळण्याची भाकर, पाटोडीचा रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा. रस्सा एवढा तिखट की कानातून धूर, वर तेलाचा तवंग. पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, आपल्याकडच्या कोथिंबीरवडीसारख्या असतील असं समजून मी आधी नुसत्याच खात बसलो होतो, मग वहिनींनी ताटात भाकर कुस्करून वर रस्सा ओतून दाखवला.

जेवण झाल्यावर शेकोटीपाशी बसलो आणि मी विचारलं, फूटपाथवर सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? मला वाटलं पाऊस म्हणतील, भूक म्हणतील.

"संडासले जायाचा," वहिनी म्हणाल्या. "रात्री जा लागलं का पोटात गोया यायचा. सार्वजनिक होतं तिकडं, पन रात्री कुलूप. म्या संध्याकायी पाचनंतर पानी पेनंच सोडलं होतं."

किमो चालू असलेली बाई, जिला डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणून सांगतात. मी रोज तिथून जात होतो, पुढे त्यांच्याशी ओळख झाल्यावरसुद्धा हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. तांदूळ नेऊन दिले की माझं झालं.

मी सहज म्हणून गेलो की तुम्ही तेव्हा बेघर होतात वगैरे, तर त्या एकदम फिस्कारल्या. "बेघर कायचं? हे घर काय आता बांधलं? घर होतंच न. तिथं नोयतं."

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसं बेघर मोजली गेली होती. भाऊ-वहिनींसारखे त्यात धरले जात असतील का कुणास ठाऊक, गावात पक्कं घर, घरपट्टी भरलेली, आणि तरी चार महिने आकाशाखाली. शहरी निवाऱ्याचा सरकारी निकष आहे एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा. मुंबईत राहणाऱ्याने आपल्या आजूबाजूला असा किती ठिकाणी बोर्ड पाहिलाय ते स्वतःच मोजावं. मी मोजले, एका हाताची बोटं उरली.

झोपताना अंगावर दोन गोधड्या. एका गोधडीत ओळखीचं निळं कापड दिसलं. दादरच्या धर्मशाळेत असताना वहिनींना कुणीतरी दिलेली साडी, त्यांनी ती गोधडीत घातली होती.

दिवस दुसरा, रविवार : ऋणमोचनची यात्रा

पौष महिन्यातल्या प्रत्येक रविवारी इथे यात्रा भरते, पूर्णा नदीच्या काठी, मुद्गलेश्वराचं देऊळ आहे. नावातच ऋण फिटण्याची गोष्ट आहे, त्यामुळे लोक श्रद्धेने येतात, आंघोळ करतात. तारीख दरवर्षी बदलते, कालनिर्णय बघून जा, आणि आपला मराठी पौष बघा, उत्तरेकडच्या पंचांगातला नाही.

हेच ते ठिकाण जिथून गाडगेबाबांचं काम सुरू झालं. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले, आईने माहेरी दापुऱ्याला नेलं, तिथे मामाची शेती सावकाराने गिळली. डोक्यावरचं छप्पर कसं जातं हे या माणसाने घरातच पाहिलं होतं. १९०५ मध्ये घर सोडलं. ऋणमोचनला नदीतून वर येणारी माणसं चिखलात घसरून पडायची, आंघोळीचं पुण्य तिथेच चिखलात. बाबांनी पुण्याच्या भानगडीत न पडता लोकांकडून पैसे जमवून घाट बांधला. यात्रेत येणाऱ्या लुळ्यापांगळ्यांना, आंधळ्यांना, भिकाऱ्यांना जेवू घालायची पद्धत त्यांनीच पाडली, ती आजही चालू आहे.

गर्दी म्हणजे गर्दी. धुकं विरळ होतंय, घाटावर ओल्या साड्या पिळणाऱ्या बाया, पाळणे, पिपाण्या, रेवड्या, फुटाणे, आणि सगळीकडे गोवऱ्यांचा धूर कारण रोडगे. रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी, कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. एका कुटुंबाने ओळखपाळख नसताना हाताला धरून बसवलं. "बसा न जी, पाहून काय राह्यले!" आजीबाईने रोडगा हातात फोडला तर आतून वाफ आली आणि तिच्या बोटांना काही झालं नाही, माझी बोटं दोन दिवस लाल. दाताखाली थोडी राख येते, त्याने चव बिघडत नाही, उलट.

मग माझा कार्यक्रम. गाठोडं सोडलं आणि ओळीने बसलेल्या लोकांना ब्लँकेट द्यायला सुरुवात केली. पाच मिनिटांत चाळीस हात, ओढाओढी, एक बाई पडली, एकाने दोन घेतली म्हणून दुसऱ्याने शिवी दिली. भाऊ मधे पडले नसते तर माझंच भरीत झालं असतं. अशा गर्दीत काहीही वाटायला काढू नका, ही टिप मी कपाळावर लिहून घेतली आहे. तिथे पंगतीत वाढणारी मंडळी असतात, त्यांच्या हातात द्या, त्यांना कुणाला काय लागतं ते माहीत असतं.

शेवटचं एक उरलं. थोडं लांब झाडाखाली एक म्हातारे बाबा बसले होते, सत्तरीच्या पुढचे, अंगात दोन शर्ट एकावर एक. मी ब्लँकेट पुढे केलं. त्यांनी हात लावून बघितलं, बोटांत कापड चोळलं, चांगलं आहे म्हणाले आणि परत दिलं.

"रातभर ठीक हाय. दिवसा कुठी ठेवू? खांद्यावर घेऊन फिरू काय? ठेवलं तं जाते."

म्हणजे? म्हणजे असं की ज्याला घर नाही त्याला कपाटही नाही. दिवसा कामाला, भीक मागायला, एका यात्रेतून दुसरीत जायचं तर जाड ब्लँकेट ओझं होतं, आणि कुठे ठेवलं तर चोरीला जातं नाहीतर झाडणारे कचरा म्हणून उचलून नेतात. मागच्या तीन हिवाळ्यांत त्यांची तीन ब्लँकेट अशी गेली होती, प्रत्येक कुणा ना कुणा दात्याने दिलेलं. मी विचारलं मग काय हवं?

"थैली असन तं द्या. चैनवाली."

चैन असलेली, खांद्याला लटकवता येईल अशी, झोपताना डोक्याखाली घेता येईल अशी पिशवी. कागद, औषधं, एक शर्ट. आधार कार्ड एकदा हरवलं तर परत काढायला पत्ता लागतो, आणि पत्ता कुठला सांगणार. त्यांच्याशी पाऊण तास बोललो. एकेकाळी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. बाकीचं त्यांनी सांगितलं पण ते इथे लिहिण्यासारखं माझं नाही. रात्री मूर्तिजापूर स्टेशनकडे झोपतो म्हणाले.

यात्रेत थैल्या होत्या, पण लहान मुलींच्या पर्स आणि प्लास्टिकच्या, एका आठवड्यात फाटणाऱ्या. भाऊ काही न बोलता चालत राहिले. मी म्हटलं, तुम्हाला काल दुकानात हेच सांगायचं होतं ना? "हो न. पन तुमी लय जोरात होते सायेब."

रात्री घरी आल्यावर वहिनींनी मशीन काढलं. सरकी ढेपेची रिकामी पोती धुऊन ठेवलेली होती, ती आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावून शिवली. चैन भाच्याच्या फाटक्या दप्तराची. खांद्याच्या पट्ट्याचं अडलं, कापडी पट्टा वजनाने तुटतो. भाऊंनी दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणली, उभी कापली, दुहेरी केली आणि दोन्ही टोकांना पंक्चरचं सोल्युशन लावून वर सुतळीने टाके. मी चैनीचा रनर बसवायचा प्रयत्न केला, तो तीन वेळा एका बाजूने निघाला, वहिनींनी मेणबत्ती घासून एका झटक्यात बसवला. बारा वाजेपर्यंत चार थैल्या झाल्या. ट्यूबचा पट्टा खांद्यावर घेऊन बघितला, थोडा ताणतो, वजन जाणवत नाही. रबराचा वास मात्र जात नाही.

दिवस तिसरा, सोमवार : शेंडगाव, मूर्तिजापूर

सकाळी भाऊंच्या मित्राच्या गाडीने शेंडगाव, बाबांचं जन्मगाव, अंजनगाव सुर्जी तालुक्यात. २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म. थोडा वेळ थांबलो, शांत आहे, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ती शांतता बरी वाटली. वाटेत दोन्ही बाजूंना तुरीची सोंगणी चालू, मधे पऱ्हाटी म्हणजे कपाशी, एका ठिकाणी शेतात हुरडा भाजत होते तिथे गाडी थांबवून खाल्ला. पैसे घेतले नाहीत, उलट मुंबईला पाऊस आहे का विचारलं, जानेवारीत.

दुपारपासून मूर्तिजापूर. स्टेशनच्या आत, बाहेर, चहाच्या टपऱ्यांमागे, माल धक्क्याच्या बाजूला दोन फेऱ्या मारल्या. यात्रेतले ते म्हातारे बाबा दिसले नाहीत. टपरीवाल्याने ओळखलं, म्हणाला असतात, पण यात्रा असली की चार-पाच दिवस येत नाहीत. तीन थैल्या तिथे झोपणाऱ्या तिघांना दिल्या, यावेळी आधी विचारून. एका बाईने चैन चारदा उघडून-मिटून बघितली आणि मग नवऱ्याच्या हातातून ओढून स्वतःच्या खांद्याला लावली. चौथी भाऊंनी परत नेली, दुकानात खिळ्याला टांगून ठेवलीय. बाजाराच्या दिवशी मूर्तिजापूरला गेले की सोबत नेतात. परवाच्या गुरुवारी विचारलं, अजून भेट नाही.

दिवस चौथा, मंगळवार : दादर

निघताना वहिनींनी दहा किलो तूरडाळ बांधून दिली होती, घरच्या तुरीची, गेल्या सालची. माझ्यासाठी नाही, धर्मशाळेसाठी. स्टेशनवरून थेट तिकडे गेलो. डोक्याला रुमाल बांधलेली माणसं, हातात एक्स-रेची मोठी पाकिटं, जिन्यात बसून डबा खाणारं एक जोडपं, वाळत घातलेले टॉवेल. ज्यांना कुणासाठी इथे जागा हवी असेल त्यांनी पेशंटची हॉस्पिटलची फाइल आणि ओळखपत्र जवळ ठेवूनच जावं, आणि जागा लगेच मिळेलच असं धरू नये, रांग मोठी असते.

टेबलावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. डाळ बघितली, एक दाणा दाताखाली चावून बघितला, पावतीपुस्तक काढलं. नाव विचारलं, वहिनींचं सांगितलं. मग पत्ता.

वहिनींनी मला निघताना बजावून ठेवलं होतं, गावचा देऊ नका म्हणून. मी जरा चाचरतच म्हटलं, "लिहा, परळ, हॉस्पिटलसमोरचा फूटपाथ, झाडाखाली."

त्यांनी पेन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कुठलं झाड? पिंपळ का गुलमोहर?"